हॅशटॅग आज, सर्व्हर नंतर: फेडिव्हर्सवर छंदाचा कट्टा कसा टिकतो?

३० जून २०२५ ला 'लेम डॉट ईई' नावाचा एक सर्व्हर बंद झाला. नाव ऐकलं नसेल तर हरकत नाही, आपल्याकडे फार कमी लोकांनी ऐकलंय. रेडिटला पर्याय म्हणून 'लेमी' नावाचं जे नेटवर्क उभं राहिलं, त्यातल्या मोठ्या सर्व्हरपैकी हा एक. त्याच्यावर वेगवेगळ्या आवडीनिवडींच्या कितीतरी कम्युनिटी होत्या. कुणी बंदी घातली नव्हती, कुठल्या अब्जाधीशाने तो विकत घेतला नव्हता. तो चालवणारी माणसं थकली होती. रोजच्या तक्रारी आणि भांडणं सोडवून ही स्वयंसेवक मंडळी दमली आणि त्यांची जागा घ्यायला पुरेशी नवी माणसं मिळेनात. काही आठवडे आधी नोटीस दिली आणि दिवा मालवला.

आता ही बातमी तुमच्या-माझ्या कामाची कशी?

गेल्या काही वर्षांत आपण एक वाक्य सतत ऐकतोय: मोठ्या कंपन्यांवर विसंबू नका, विकेंद्रित सोशल मीडियावर या, तिथे तुमचा कट्टा तुमच्या मालकीचा असतो. वाक्य खोटं नाही, पण अर्धं आहे. मालकी आली की घरपट्टीही येते आणि गळकं छप्परही आपणच दुरुस्त करायचं असतं. म्हणून एखाद्या लहानशा छंदाचा ग्रुप तिथे सुरू करायचा विचार असेल, तर 'कोणतं ॲप घेऊ' या प्रश्नाआधी 'आपण दमलो तर हे कोण बघेल' हा प्रश्न विचारायला हवा. तो कधी आणि कसा विचारायचा, तेच आज बघू.

फेडिव्हर्स म्हणजे काय, दोन मिनिटांत

तुमचं सिम जिओचं, मित्राचं एअरटेलचं. तरी फोन लागतो, कारण दोन्ही कंपन्या एकमेकींचे कॉल जोडून देतात. सोशल मीडियात असं होत नाही. इन्स्टाग्रामवरून एक्सवरच्या माणसाला फॉलो करता येत नाही. फेडिव्हर्समध्ये ते करता येतं. तिथे हजारो वेगवेगळे सर्व्हर आहेत, प्रत्येकाचा चालवणारा वेगळा, नियम वेगळे, पण सगळे एक समान भाषा बोलतात. त्या भाषेचं नाव ॲक्टिव्हिटीपब. वेबचे नियम ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेने तिला जानेवारी २०१८ मध्ये अधिकृत मानक म्हणून मान्यता दिली.

या भाषेत बोलणारी सॉफ्टवेअर अनेक आहेत. मॅस्टोडॉन हे ट्विटरसारखं, पिक्सेलफेड हे इन्स्टाग्रामसारखं, लेमी हे रेडिटसारखं. मॅस्टोडॉनवर बसून लेमीवरची कम्युनिटी फॉलो करता येते, तिथे उत्तरही देता येतं. मेटाचं थ्रेड्ससुद्धा ही भाषा थोडीफार बोलायला लागलंय. ब्लूस्काय मात्र वेगळी भाषा वापरतं, तिचं नाव एटी प्रोटोकॉल. तिथेही विकेंद्रीकरणाची सोय आहे, पण आज बहुतेक खाती त्या एकाच कंपनीच्या सर्व्हरवर आहेत.

नंबर पोर्ट करता येतो तसं मॅस्टोडॉनवर खातंही एका सर्व्हरवरून दुसऱ्यावर नेता येतं. तुमचे फॉलोअर्स आपोआप नव्या पत्त्यावर येतात. पण जुन्या पोस्ट येत नाहीत. आणि दुसरी अट त्याहून महत्त्वाची: खातं हलवताना जुना सर्व्हर जिवंत असावा लागतो. तो बंद पडल्यावर पोर्टिंग नाही. ही अट लक्षात ठेवा, पुढे लागेल.

रागाने लोक येतात, पण थांबतात का?

भारतात मॅस्टोडॉनचं नाव पहिल्यांदा गाजलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सुप्रीम कोर्टातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं खातं ट्विटरने बंद केलं. त्यावरून रान उठलं आणि भारतातले बरेच जण एकदम मॅस्टोडॉनवर गेले. पुढे काय झालं? बहुतेक जण परत आले. ऑक्टोबर २०२२ मध्ये इलॉन मस्क यांनी ट्विटर विकत घेतलं तेव्हा हेच जगभर घडलं. मॅस्टोडॉनच्याच आकड्यांनुसार महिन्याला सक्रिय असणारे लोक सुमारे ३ लाखांवरून २५ लाखांवर गेले, तेही ऑक्टोबर ते नोव्हेंबर एवढ्याच काळात. नंतर तो आकडा उतरत उतरत १० लाखांच्या आत आला.

तिसरी लाट रेडिटची. २०२३ मध्ये रेडिटने बाहेरच्या ॲप्सना डेटा देण्यासाठी जबर दर लावले. अपोलो नावाचं लोकप्रिय ॲप ३० जूनला बंद झालं. त्याआधी १२ जूनपासून हजारो सबरेडिट्सनी निषेध म्हणून दारं लावून घेतली होती. त्याच महिन्यात लेमीवर गर्दी उसळली. लेम डॉट ईई सुद्धा त्याच लाटेवर सुरू झाला होता.

या तिन्ही वेळी लोक आले ते कशाच्या तरी विरोधात. राग आठ-पंधरा दिवस पुरतो. त्यानंतर माणूस तिथेच उघडतो जिथे त्याला काहीतरी बघायला मिळतं. आणि इथेच छोट्या छंदांच्या ग्रुपला मोठ्या ग्रुपपेक्षा जास्त संधी आहे. क्रिकेटवर गप्पा मारायला लाखो लोक लागतात. दगडावरची बुरशी बघायला तीस पुरतात.

दगडफुलाचे फॅन

बुरशीचं उदाहरण गंमत म्हणून दिलेलं नाही. मॅस्टोडॉनवर इंग्रजीत 'लायकन सबस्क्राइब' असा एक हॅशटॅग चालतो. यूट्यूबवरच्या 'लाइक अँड सबस्क्राइब'वरची ही कोटी. लायकेन म्हणजे बुरशी आणि शैवाल यांचं मिळून बनलेलं जीवन, खडकांवर आणि झाडांच्या सालींवर दिसणारे राखाडी-हिरवे-केशरी ठिपके. आपल्या ओळखीचं लायकेन म्हणजे दगडफूल, गोड्या मसाल्यात घालतात तेच. मॉस, म्हणजे पावसाळ्यात भिंतींवर मखमलीसारखं उगवणारं ते हिरवं, त्याच्या फोटोंसाठी 'मॉस्टोडॉन' हा हॅशटॅग आहे. फोन खिशातून काढायचा, खाली बसायचं, फोटो काढायचा, टाकायचा. बस.

या हॅशटॅगांना स्वतःचा सर्व्हर नाही. अध्यक्ष नाही, ॲडमिन नाही, देणगीची पेटी नाही. तरी ते चालतात, कारण वाट बघणारी माणसं आहेत. तशीच जर्मन लोकांची 'फेन्स्टर फ्रायटाग' ही रीत आहे: शुक्रवार आला की खिडकीचा फोटो टाकायचा. विषय किती छोटा बघा, खिडकी! पण वार ठरलेला आहे. ठरलेला वार हा अशा कट्ट्यांचा कणा असतो. आपल्याकडे आठवडी बाजार कुठल्या ॲपच्या नोटिफिकेशनवर भरत नाही, वार ठरलेला असतो म्हणून भरतो. तसंच आहे हे.

आपल्याकडे सह्याद्रीत लायकेनची कमी नाही, पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यावर वर्षानुवर्षं अभ्यास झालाय. तरी मराठीत यावर रोजच्या गप्पा मारायची मोकळी जागा शोधायला गेलं तर हाती फारसं लागत नाही. म्हणून पुढच्या पायऱ्या आपण हेच उदाहरण धरून बघू. तुमचा छंद शाईची पेनं असेल, दिवाळीतले मातीचे किल्ले असतील किंवा जुन्या काड्यापेट्यांची चित्रं असतील, हिशोब तोच.

पायरी पहिली: हॅशटॅग आणि वार

सर्व्हर घेऊ नका. लोगो बनवू नका. एखाद्या चांगल्या, आधीपासून चालू असलेल्या सर्व्हरवर खातं काढा आणि एक हॅशटॅग ठरवा.

देवनागरी हॅशटॅग चालतो, पण आपल्या भाषेचा एक घोळ आहे: ऱ्हस्व-दीर्घ. 'दगडफूल' आणि 'दगडफुल' हे मशिनच्या लेखी दोन वेगळे शब्द आहेत. अर्धे लोक एकात आणि अर्धे दुसऱ्यात टाकायला लागले तर दोन्हीकडे शुकशुकाट. म्हणून एक रूप ठरवा, आपल्या प्रोफाइलवर लिहून ठेवा, आणि जमलं तर सोबत प्रचलित इंग्रजी हॅशटॅगही लावा. त्यामुळे बाहेरच्या जाणकारांची नजर पडते आणि 'हे कुठलं लायकेन?' या प्रश्नाला उत्तर मिळायची शक्यता वाढते.

पोस्टची भाषा 'मराठी' निवडायला विसरू नका. मॅस्टोडॉनवर लोक भाषेनुसार पोस्ट गाळून बघू शकतात. भाषा चुकीची असेल तर तुमची पोस्ट नेमकी मराठी शोधणाऱ्यालाच दिसणार नाही.

फोटोखाली वर्णन लिहा. मॅस्टोडॉनवर ही फार जपलेली सवय आहे. अंध किंवा कमी दिसणाऱ्या व्यक्तीचा फोन ते वर्णन वाचून दाखवतो. आणि छंदाच्या ग्रुपला याचा आणखी एक फायदा होतो: 'करड्या खडकावर नाण्याएवढं, कडेला कुरळं, मधे केशरी ठिपके' असं लिहायला लागलं की माणूस नीट बघायला शिकतो.

मग वार. समजा 'शेवाळी सोमवार'. सलग दहा सोमवार, कुणी येवो न येवो, तुम्ही आणि अजून दोघंजण फोटो टाकणार. दहा सोमवार जमले नाहीत, तर सर्व्हर घेऊनही काही जमणार नव्हतं. तुमचे पैसे वाचले, असं समजा.

"पण मला तर तिथे कुणीच दिसत नाही!"

नव्या माणसाची ही सगळ्यात मोठी तक्रार, आणि ती खरी आहे. कारण समजून घेतलं तर उपायही सापडतो.

इन्स्टाग्रामकडे सगळा साठा एका जागी आहे, म्हणून हॅशटॅग दाबला की जगभरातलं दिसतं. फेडिव्हर्समध्ये तसा एकच साठा कुणाकडेच नाही. तुमच्या सर्व्हरला साधारणपणे त्याच पोस्ट माहीत असतात, ज्यांच्या लेखकांना तुमच्या सर्व्हरवरचं कुणीतरी फॉलो करतंय. म्हणजे मोठ्या सर्व्हरवर एखादा हॅशटॅग भरलेला दिसेल आणि पाच जणांच्या सर्व्हरवर तोच हॅशटॅग रिकामा दिसेल. पोस्ट आहेत, पण तुमच्यापर्यंत पोचलेल्या नाहीत.

शिवाय मॅस्टोडॉनच्या होम टाइमलाइनवर तुम्हाला काय आवडेल याचा अंदाज बांधून पोस्ट पुढे ढकलणारा अल्गोरिदम नसतो. जे फॉलो केलं ते, वेळेच्या क्रमाने. त्यामुळे सुरुवातीचं काम हाताने करावं लागतं. त्या विषयातली तीस-चाळीस माणसं शोधून फॉलो करा. हॅशटॅगही फॉलो करता येतो, ही सोय मॅस्टोडॉनमध्ये २०२२ च्या अखेरीस आली. आवडलेली पोस्ट बूस्ट करा, कारण नुसत्या लाइकने ती पुढे जात नाही. बूस्ट म्हणजे पंगतीत वाढणं. तुम्ही वाढलं तरच शेजारच्या पानात पडतं.

याच कारणाने 'पहिल्या दिवशीच आपला स्वतःचा सर्व्हर' ही कल्पना बहुतेकांना महागात पडते. नव्या सर्व्हरला जगातलं काहीच माहीत नसतं. आपण उत्साहाने दहा मित्रांना बोलावतो, त्यांना रिकामी खोली दिसते, आणि ते मुकाट्याने व्हॉट्सॲपवर परत जातात.

पायरी दुसरी: कुणाच्या तरी ओसरीवर कम्युनिटी

हॅशटॅग वाहता असतो. आज टाकलेलं उद्या खाली जातं. 'पावसाळ्यात फोटो कसा काढावा', 'साधी भिंग कुठली घ्यावी' अशा प्रश्नांची उत्तरं साठवून ठेवायची असतील तर लेमीसारखी जागा बरी. तिथे धागे असतात, मतं देऊन चांगलं वर आणता येतं, महत्त्वाचं वर टाचून ठेवता येतं.

इथे बघण्यासारखं उदाहरण 'स्टार ट्रेक डॉट वेबसाइट'चं. २०२३ च्या रेडिट प्रकरणात स्टार ट्रेकच्या सबरेडिट्सचे मॉडरेटर मिळून लेमीवर आले आणि त्यांनी आपल्या विषयाचा सर्व्हर उभा केला. त्यांनी दोन गोष्टी सोबत आणल्या, ज्या विकत मिळत नाहीत: एकमेकांबरोबर काम केलेली टीम आणि आधीच घासूनपुसून तयार झालेले नियम. शिवाय गंभीर चर्चेची कम्युनिटी वेगळी ठेवली आणि मीम्सची वेगळी. एकाच विषयाचे दोन मूड असतात. ज्याला अभ्यास करायचाय त्याला विनोदांचा वैताग येतो आणि ज्याला हसायचंय त्याला प्रबंध नको असतो. ही भांडणं नियमांनी मिटत नाहीत, दोन खोल्या केल्या की मिटतात.

तुमच्याकडे अशी तयार टीम नसेल तर दुसऱ्याच्या सर्व्हरवर कम्युनिटी काढा. यजमान निवडताना मात्र घर भाड्याने घेताना करतो तशी चौकशी करा. मॅस्टोडॉनने यासाठी एक चांगली फूटपट्टी तयार ठेवली आहे. त्यांच्या अधिकृत यादीत नाव यायला सर्व्हरला काही वचनं द्यावी लागतात: द्वेषाच्या पोस्टवर कारवाई, रोजचा बॅकअप, अडचणीच्या वेळी सर्व्हरपर्यंत पोचू शकेल असा किमान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर तीन महिने आधी सूचना. सर्व्हर लेमीचा असो की पिक्सेलफेडचा, हेच चार प्रश्न विचारा. 'आणखी एक माणूस कोण?' याला उत्तर नसेल तर पुढे जा.

हा प्रश्न का महत्त्वाचा, हे जर्मन लोकांना विचारा. 'फेडिट डॉट डीई' हा लेमीवरचा मोठा जर्मनभाषी सर्व्हर होता. २०२४ मध्ये तो बिघडू लागला आणि दुरुस्त करायला कुणी जागेवर सापडेना. शेवटी त्या वर्षीच्या उन्हाळ्यात लोकांनी 'फेडिट डॉट ऑर्ग' नावाने नवा संसार मांडला. या वेळी एका माणसाऐवजी ऑस्ट्रियातल्या एका नोंदणीकृत संस्थेच्या नावावर. माणसं हलली, पण जुने धागे तसे हलले नाहीत. लेमीची कम्युनिटी एका घरच्या सर्व्हरवर राहते आणि बाकीच्या सर्व्हरवर तिच्या प्रती असतात. घरचा सर्व्हर गेला की त्या प्रती वाचता येतात, पण नवं काही लिहिलं तर ते दुसऱ्या सर्व्हरवर पोचत नाही. जोडणारा दुवाच तुटलेला असतो.

नियम कमी, पण लिहिलेले

तीस जणांच्या ग्रुपला वीस कलमी घटना लागत नाही. चार-पाच ओळी पुरतात, पण त्या तुमच्या छंदातून आलेल्या असाव्यात. 'सभ्य भाषा वापरा' हे सगळेच लिहितात. लायकेनच्या कट्ट्यावर खरे नियम वेगळे असतील. फोटोसाठी खडक खरवडायचा नाही, कारण लायकेन फार हळू वाढतं आणि खरवडलेलं भरून यायला वर्षं जातात. नेमकं ठिकाण जाहीर करायचं नाही, तालुका पुरे. ओळख सांगताना 'कशावरून' तेही सांगायचं. आणि खाण्याच्या सल्ल्याला बंदी, कारण 'हे दगडफूलच आहे, घाला मसाल्यात' असं फोटो बघून सांगणं धोक्याचं आहे.

लेमीवर एक छान सोय आहे: मॉडरेटरने कोणती पोस्ट काढली, कुणाला बाहेर काढलं, याची नोंदवही कुणालाही वाचता येते. त्यामुळे 'माझंच का उडवलं' या भांडणाला पुरावा मिळतो. पण याचा अर्थ मॉडरेटरला कारण लिहायची शिस्त लागते. 'स्पॅम' एवढा एक शब्द लिहिला तरी चालेल, काहीच न लिहिणं चालत नाही.

कधीकधी त्रास एका माणसाचा नसतो, पूर्ण सर्व्हरचा असतो. मग त्या सर्व्हरशी नातं तोडता येतं, याला डिफेडरेशन म्हणतात. जून २०२३ मध्ये 'बीहॉ' या सर्व्हरने लेमी डॉट वर्ल्डसह दोन मोठ्या सर्व्हरशी संबंध तोडले. तिथे कुणालाही सहज खातं काढता येत होतं आणि तिकडून येणारा त्रास आवरणं बीहॉच्या छोट्या टीमला झेपत नव्हतं. निर्णय बरोबर की चूक यावर बराच वाद झाला. आपल्यासाठी धडा एवढाच: ज्या सर्व्हरवर राहाल त्याची शेजाऱ्यांशी असलेली नाती तुमच्याही वाट्याला येतात. तुमचे निम्मे सदस्य एका सकाळी अचानक दिसेनासे होऊ शकतात, त्यांचा काही दोष नसताना.

पायरी तिसरी: स्वतःचा सर्व्हर, खरंच हवाय?

छोटा सर्व्हर भाड्याने घ्यायला महिन्याला काही शे रुपयांपासून सुरुवात होते. म्हणून वाटतं, जमेल की! पण खर्चाचा मोठा भाग नंतर येतो. तुमचा सर्व्हर बाहेरच्या पोस्टबरोबर त्यातले फोटोही स्वतःकडे साठवतो. सदस्य वाढले नाहीत तरी साठा वाढतो. तो साफ करणं, अपडेट टाकणं, बॅकअप नुसता घेणं नाही तर तो परत चालू होतो का हे तपासणं, हे सगळं परीक्षेच्या आठवड्यातही करावं लागतं.

आणि साठवलेल्या फोटोंमध्ये फक्त लायकेन नसतं. ऑगस्ट २०२३ च्या अखेरीस लेमी डॉट वर्ल्डवरच्या एका कम्युनिटीत कुणीतरी मुद्दाम लहान मुलांच्या लैंगिक शोषणाच्या प्रतिमा टाकल्या. फेडरेशनच्या रचनेमुळे त्या इतर सर्व्हरपर्यंतही पोचू शकत होत्या. काही छोट्या चालकांनी घाबरून आपले सर्व्हरच बंद केले. हा धोका हौशी माणसासाठी फार मोठा आहे, कारण अशा प्रतिमा साठवणं हा भारतातही गंभीर गुन्हा आहे.

कायद्याच्या नजरेत सर्व्हर चालवणारा माणूस 'मध्यस्थ' ठरतो. २०२१ च्या आयटी नियमांत ५० लाखांहून जास्त नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्यांसाठी जादा अटी आहेत, पण मूलभूत कर्तव्यं लहानांनाही लागू होतात. नियमावली जाहीर करणं, तक्रार ऐकणाऱ्याचं नाव आणि संपर्क देणं, ठरलेल्या मुदतीत तक्रार निकाली काढणं. फक्त कम्युनिटीचे मॉडरेटर असाल तर सर्व्हरचा हा भार यजमानावर असतो. म्हणूनच कॉलेजात शिकणाऱ्या पोरापोरींनी पहिल्या वर्षी दुसऱ्याच्या ओसरीवर राहणंच शहाणपणाचं, असं माझं स्पष्ट मत आहे.

सदस्यांनाही एक गोष्ट आधीच सांगून ठेवा. फेडिव्हर्सवर डिलीट केलेली पोस्ट प्रत्येक सर्व्हरवरून नक्की जाईलच याची खात्री नाही. आणि मॅस्टोडॉनवरचे खासगी मेसेज व्हॉट्सॲपसारखे कुलूपबंद नसतात, सर्व्हर चालवणारा ते तांत्रिकदृष्ट्या वाचू शकतो. फोन नंबर, घरचा पत्ता असलं काही तिथे नको.

चावी दुसऱ्याकडेही असू दे

जुन्या कट्ट्यांची यादी काढली तर लक्षात येतं की कंपनी असली म्हणून जागा टिकते असं नाही. ऑर्कुट ३० सप्टेंबर २०१४ ला गेलं. गूगल प्लस २ एप्रिल २०१९ ला. याहू ग्रुप्स डिसेंबर २०२० मध्ये. आपलं देशी कू जुलै २०२४ मध्ये. तिथे जमलेल्या गप्पा, फोटो, ओळखी, बहुतेक सगळं त्यांच्याबरोबर गेलं. कंपनी बंद करते तेव्हा तुम्हाला विचारत नाही. स्वयंसेवक बंद करतो तेव्हा विचारतो, पण तोवर त्याच्यात जीव उरलेला नसतो. फरक एवढा की दुसऱ्या बाबतीत आधी तयारी करता येते.

मॅस्टोडॉनच्या निर्मात्यालाही हेच करावं लागलं. ऑयगेन रॉखको यांनी २०१६ मध्ये एकट्याने हे सुरू केलं आणि जवळजवळ दहा वर्षं त्याची धुरा वाहिली. नोव्हेंबर २०२५ मध्ये त्यांनी सीईओपद सोडलं आणि ट्रेडमार्कसारख्या गोष्टी स्वतःच्या नावावरून काढून ना-नफा संस्थेकडे दिल्या. सगळं एका माणसाच्या हाती असलं की तो माणूसच सगळ्यात कच्चा दुवा होतो, मग तो कितीही हुशार असो.

तुमच्या तीस जणांच्या कट्ट्यासाठी एवढी मोठी व्यवस्था नको. पण काही गोष्टी आजच करता येतात. पहिल्या महिन्यातच दुसरा मॉडरेटर नेमा, आणि तो तुमच्यासारखाच नको. तुम्ही रात्री जागणारे असाल तर तो सकाळी उठणारा असू दे. तिसरा माणूस वर्षभरात तयार करा. चांगल्या धाग्यांची एक प्रत कट्ट्याबाहेर ठेवा, साधी फाइल चालेल. मॅस्टोडॉनवर आपल्या पोस्टचा संग्रह आठवड्यातून एकदा मागवता येतो, तो मधूनमधून उतरवून घ्या. आणि 'इथे काही झालं तर आपण कुठे भेटायचं' ही जागा शांततेच्या काळातच ठरवून सगळ्यांना सांगून ठेवा. मघाशी सांगितलेली अट आठवतेय ना? हलायचं ते जुना सर्व्हर जिवंत असतानाच.

मग व्हॉट्सॲप ग्रुप मोडायचा का?

अजिबात नाही. उद्याच्या ट्रेकला कोण येतंय, गाडी कुणाची, डबा कुणी आणायचा, यासाठी व्हॉट्सॲपसारखं दुसरं काही नाही. पण तिथे ग्रुपला १,०२४ जणांची मर्यादा आहे. प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो, आणि अनेक मुली याच कारणाने छंदाच्या ग्रुपमध्ये येत नाहीत. नवीन आलेल्याला मागच्या तीन वर्षांचा खजिना दिसत नाही. गुड मॉर्निंगच्या ढिगाऱ्यात दगडफुलाचा तो एक अप्रतिम फोटो कुठे गेला, ते कुणालाच सापडत नाही. उलट उघड्या जागेवर टाकलेला फोटो उद्या अकोल्यातल्या किंवा ऑकलंडमधल्या एखाद्या अनोळखी मराठी माणसाला सापडू शकतो. ठरवाठरवी व्हॉट्सॲपवर आणि साठवण फेडिव्हर्सवर, अशी वाटणी जमते.

आणि वाढीचं भूत डोक्यात घेऊ नका. छंदाच्या कट्ट्याची तब्येत सदस्यसंख्येवरून कळत नाही. नव्या माणसाने विचारलेल्या पहिल्या प्रश्नाला किती वेळात उत्तर मिळतं आणि उत्तर देणारा दरवेळी एकच असतो का, एवढं बघा. दरवेळी तुम्हीच उत्तर देत असाल तर कट्टा अजून तुमचा एकट्याचा आहे, बाकीचे पाहुणे आहेत.

या आठवड्यात करायचं काम छोटं आहे. एक खातं, एक हॅशटॅग, त्याचं एकच स्पेलिंग, आणि एक वार. सोबत कोण असणार, त्या दोघांची नावं कागदावर लिहा. दोन नावं सुचत नसतील तर खातं काढण्याआधी ती शोधा.